अकराशे चौसष्ट पाहुण्यांना अटक

एका गुरुवारी संध्याकाळी, मोताळ्यातल्या माझ्या राहत्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्याच संमतीनं, संगणकानं माझ्या अकराशे चौसष्ट पाहुण्यांना अटक केली. संमतीनं म्हणजे असं, की पडद्यावर एक हिरवी चौकट उगवली, तिच्यात बारीक अक्षरांत पाच-सहा ओळी होत्या, खाली ‘ठीक आहे’ असं होतं, आणि मी ते दाबलं. एकतीस वर्षं आस्थापना शाखेत कारकुनी करताना, न वाचता सही ठोकणाऱ्या साहेबांना मी मनातल्या मनात किती हसलो असेन! ते सगळं हसू त्या दिवशी एका बोटानं परत केलं.

अटक झाली हे मला कळलं सोमवारी. म्हणजे चार दिवस आरोपी आत, आणि घरच्यांना पत्ता नाही.

हे पाहुणे होते आमच्या काजलच्या लग्नाचे. लग्न वैशाखात ठरलेलं. मुलगा डोणगावचा, स्वभावानं शांत. त्याच्याबद्दल एवढंच सांगतो, कारण लग्नात त्याला तरी कोण विचारणार आहे? आमच्या भागात लग्न म्हणजे यादी. कोणाला बोलवायचं, कोणाला घरी जाऊन कुंकू लावून बोलवायचं, कोणाला नुसता फोन केला तरी चालतो आणि कोणाला फोन केला तर तो फोनवरच रुसतो, हे सगळं ज्याला पाठ असतं तो बाप. वरून पत्रिका. पत्रिकेत नवरा-नवरीची नावं बोटभर आणि बाकीच्यांची पानभर. माझ्या चुलतभावाच्या पत्रिकेत एका मावसोबांचं नाव ‘विनीत’मधून ‘स्नेहांकित’मध्ये गेलं. गेलं म्हणजे दोन बोटं खाली सरकलं. मावसोबा लग्नाला आले, मांडवाच्या बाहेर उभे राहिले, घरून आणलेला डबा सगळ्यांसमोर उघडून खाल्ला आणि निघून गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली. माझा भाऊ अजून त्यांच्या गावावरून जाताना एसटीची खिडकी लावून घेतो.

तेव्हा मी ठरवलं, आपण हे काम शास्त्रशुद्ध करायचं. चार महिने खपून मी एक फाइल तयार केली. नाव, गाव, नातं, कसं बोलवायचं, पत्रिकेत कुठं टाकायचं, असे रकाने. सरकारी संगणक प्रशिक्षणात शिकलेला मॅक्रो नावाचा प्रकार वापरून मी त्यात एक बटणही बसवलं होतं. बटणाचं नाव ‘मान’. ते दाबलं की सगळी माणसं वय, नातं आणि रुसण्याची क्षमता यांनुसार आपोआप वर-खाली होऊन बसायची. खोटं कशाला सांगू, मी ते कधीकधी नुसतंच दाबून बघत असे.

आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. तो गोपनीय. ‘चार सांगितले की अकरा येतात.’ ‘पहिल्या पंगतीत बसवून मोकळं व्हावं.’ ‘वरातीत नाचू देऊ नये, गुडघा.’ ‘फोटोत मध्ये घुसतो, फोटोग्राफरला आधी दाखवून ठेवणे.’ आमचे थोरले साडू रामराव यांच्यापुढे तर पाच ओळींचा शेरा होता. त्यामुळे बायको, म्हणजे पुष्पांजली, म्हणाली, “एक प्रत कागदावर काढून ठेवा बरं,” तेव्हा मी म्हणालो, “गोपनीय अभिलेख असे घरभर पसरवायचे नसतात.” पेन ड्राइव्हवर नाही, मोबाइलवर नाही, कुठंच नाही. एकच प्रत. सोमवारी सकाळी ती उघडायला गेलो आणि तिथं काहीही नव्हतं.

पुंजाजी छापखानेवाल्यानं मला गुरुवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. लग्नसराई होती, त्यानंतर त्याच्याकडे पंधरा दिवस मशीनला श्वास घ्यायला जागा नव्हती. गुरुवारी नावं गेली नाहीत तर काजलच्या लग्नाच्या पत्रिका लग्न झाल्यावर वाटाव्या लागल्या असत्या.

मी पुण्याला शिवमला फोन लावला. शिवम आमचा थोरला. पुण्यात गेल्यापासून तो घरच्यांशीही ‘मले-तुले’ सोडून ‘मला-तुला’ करतो, चालायचंच.

“पप्पा, अँटिव्हायरसनं उचलली असेल. मॅक्रो होता ना फाइलमध्ये? त्याला ती संशयास्पद वाटली असणार. क्वारंटाइनमध्ये जाऊन बघा.”

“संशयास्पद? अरे, एकतीस वर्षांत माह्या एका फाइलवर लेखापरीक्षणाचा आक्षेप नाही!”

“पप्पा, त्याला तुमची सर्व्हिस माहीत नाही.”

त्यानं सांगितलं तसं मी आत शिरलो. होती. लाल अक्षरात नाव, पुढं ‘धोका: गंभीर’, आणि त्याखाली, ‘सात दिवसांनी कायमची नष्ट केली जाईल.’ गुरुवार अधिक सात, म्हणजे पुन्हा गुरुवार. संगणक आणि पुंजाजी यांचं आधी काही बोलणं झालं होतं की काय कोण जाणे. शेजारीच ‘परत आणा’ असं बटण होतं. मी अत्यानंदानं ते दाबलं. संगणक म्हणाला, पासवर्ड सांगा. मी ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं. संगणक म्हणाला, काळजी करू नका, आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवतो, ज्याच्या शेवटी सत्तेचाळीस आहे.

माझ्या मोबाइलच्या शेवटी सत्तेचाळीस नाही. सत्तेचाळीस कोणाच्या मोबाइलच्या शेवटी आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आता इथं आमच्या कॉलनीची पद्धत सांगायला पाहिजे. आमच्या ओळीत लोखंडी शिडी एक, ड्रिल मशीन एक, कुरड्यांचा मोठा सोऱ्या एक. ज्याला लागेल त्यानं न्यावं. त्याच धोरणानं आम्ही दोन वर्षांपूर्वी अँटिव्हायरसही तीन घरांत मिळून एक घेतलेला, तीन वर्षांच्या मुदतीचा. डब्यावर ‘तीन संगणकांसाठी’ असं लिहिलेलं असताना एकट्यानं घेणं आमच्याकडे उधळपट्टी समजतात. एक संगणक माझा, एक माणिकराव गुरुजींचा आणि एक पलीकडच्या भिंतीच्या उकंडरावांचा. नोंदणी उकंडरावांच्या नावावर, पासवर्ड उकंडरावांचा, मोबाइल उकंडरावांचा. आणि उकंडरावांशी माझं गेल्या चौदा महिन्यांपासून बोलणं बंद.

कारण क्षुल्लक नाही. कॉलनीतल्या मारुतीच्या सभामंडपाची कोनशिला बसवली. समितीचे अध्यक्ष उकंडराव. सगळा पत्रव्यवहार मी केलेला, मसुदे माझे, स्मरणपत्रं माझी. कोनशिलेवर नऊ नावं कोरली आणि खाली ‘व इतर’. त्या ‘इतर’मध्ये मी! विचारलं तर उकंडराव म्हणाले, “अबे, दगड संपला.” दगड संपला! बुलडाणा जिल्ह्यात दगड संपला! उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरं असतं काय? त्या दिवसापासून मी बोललो नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. बावीस वर्षांचा शेजार. त्यामुळे साहजिकच काजलच्या लग्नाच्या अकराशे चौसष्ट नावांमध्ये उकंडरावांचं नाव नव्हतं. पुष्पांजली त्यावरून माझ्याशी दोन दिवस फक्त ‘जेवून घ्या’ एवढंच बोलली. काजल तर त्यांना मोठेबाबा म्हणते. ती म्हणाली, “पप्पा, एवढी माणसं आठवून आठवून लिहिली तुमी, पन एक माणूस विसरायचं काम काय मस्त जमलं!”

बातमी दुपारपर्यंत ओळीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. रुक्मिणीबाई समोरच्या घरातून आल्या त्या मीठ-मिरच्या मुठीत घेऊनच.

“नजर लागली, दुसरं काही नाही. पोरीच्या लग्नाची यादी कोनी मशीनमंधी ठेवते का हो?”

त्यांनी संगणकावरून सात वेळा उतरवून मिरच्या दारात जाळल्या. ठसका माझ्या घरभर, संगणक ठणठणीत. माणिकराव गुरुजी तेवढ्यात आले आणि संतापले. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, कट्टर विज्ञाननिष्ठ. त्यांच्यासमोर कोणी लिंबू चिरलं तरी ते कशासाठी चिरलं असं विचारतात.

“गजेंद्र, तुम्ही शिकलेली माणसं! हे सगळं थोतांड आहे. सरळ कंपनीला अर्ज करा.”

अर्जावरची त्यांची श्रद्धा पाहून मला भरून आलं. पण अर्ज म्हटलं की माझाही हात आवरत नाही. ‘विषय: माझी निर्दोष फाइल तात्काळ मुक्त करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणास सविनय कळविण्यात येते की,’ असा दोन पानी मसुदा ईमेलनं पाठवला. चार मिनिटांत उत्तर. ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ चार मिनिटांत निकाल लावणारं कार्यालय मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी एक तारा देण्यासाठी बोट ठेवलं, ते घसरलं आणि पाच तारे गेले.

मंगळवारी मी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. खोली आतून लावून घेतली, कारण पुष्पांजलीचं एकच पालुपद चाललं होतं, “भिंतीपलीकडे माणूस बसला हाय, त्याले विचारा.” बत्तीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली.

“नमस्कार, आपण खातेदार श्री. उकंडराव बोलत आहात का?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीपलीकडे उकंडराव बनियनवर बसून पेपर वाचत होते. गुरुवारला दोन दिवस होते. काजल आतल्या खोलीत मैत्रिणीला सांगत होती की पत्रिका शनिवारी येतील.

“हो,” मी म्हणालो, “मीच उकंडराव.”

एकतीस वर्षांच्या स्वच्छ सेवेनंतर हे. आणि त्यात ती म्हणाली की हा संवाद प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे. म्हणजे आता माझा खोटेपणा कुठल्या तरी नव्या पोरापोरींना शिकवत असतील.

“सुरक्षेसाठी काही प्रश्न विचारते, सर. जन्मतारीख?”

“शाळेच्या दाखल्यावरची का खरी?” मी विचारलं. मला दोन्ही माहीत होत्या.

“आईचं नाव?”

“वच्छलाबाई.” त्यांच्या तेराव्याला मीच पंगतीत वाढलं होतं.

“पहिली शाळा?”

“वरवट बकाल. चौथीत एकदा नापास, पण ते लिहू नका.”

“आवडता पदार्थ?”

“फुणके आणि कढी. फुणके म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके. कढी पातळ.”

चारही उत्तरं बरोबर निघाली. मुलगी खूश झाली, म्हणाली, “धन्यवाद उकंडराव सर.” ज्या माणसाचं तोंड बघत नाही असं मी चौदा महिने गावाला सांगत होतो, त्या माणसाची परीक्षा मी शंभर टक्क्यांनी पास झालो होतो. मला तो विजय काही गोड लागला नाही.

“आता फक्त आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा.”

भिंतीपलीकडे टिंग वाजलं.

“आला नाही,” मी म्हणालो.

“पुन्हा पाठवते.”

टिंग. असं पाच वेळा झालं. माझ्यात आणि त्या सहा आकड्यांत पंधरा फूट अंतर होतं. मी खुर्चीवर उभा राहून, मान लांबवून, डोळे बारीक करून पाहिलं. उकंडरावांनी पेपर खाली ठेवला, मोबाइल नाकाला लावून वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. मी झटकन खाली वाकलो, खुर्ची सरकली आणि मी पुष्पांजलीच्या शिवणयंत्रावर आपटलो. काय पडलं असं तिनं बाहेरून विचारलं. मी म्हणालो, काही नाही.

बुधवारी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर उकंडरावांचा निरोप झळकला. ‘सर्वांना सूचना. सायबर चोरटे सक्रिय. माझ्या नावाने कोणीतरी बोलत असून माझी संपूर्ण माहिती त्यास आहे. सावध राहावे.’ खाली चोवीस जणांनी हात जोडले. मीही जोडले, न जोडून चालणार नव्हतं.

दूध आणायला निघालो तर कोपऱ्यावर उकंडराव घोळक्यात उभे. मी मान खाली घालून चाललो, पण कान कसे खाली घालणार?

“अबे, त्याले माह्या मायचं नाव मालूम हाय! कंपनीच्या पोरीनंच सांगतलं मले, मी उलटून फोन केला तं. म्हने, चारी उत्तरं बराबर देल्ली. फुणके खातो म्हून सुद्धा मालूम! हा कोनी साधा चोर नाही. लय दिवस पाळत ठेवून राह्यला असन.”

“बिहारकडचा असन,” कोणीतरी म्हणालं.

“बिहारले फुणके कुठून मालूम?” दुसरा म्हणाला. “जवळचाच कोनी असन.”

मी दूध न घेताच परत आलो. उकंडरावांनी म्हणे त्या कंपनीचे निरोप मोबाइलमध्ये ब्लॉक केले, मोबाइल बंद केला आणि जनकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो गव्हाच्या कोठीत खोल पुरून ठेवला. माझा ओटीपी आता दीड क्विंटल गव्हाखाली होता.

आणि संध्याकाळी माणिकराव गुरुजी आले ते कोरा कागद घेऊन.

“गजेंद्र, एक अर्ज लिहून द्या. पोलीस स्टेशनला द्यायचा आहे उद्या. एका गृहस्थाची फसवणूक होऊ घातली आहे.”

“कोणाची?”

गुरुजींना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, “उकंडरावांची. ते म्हणाले, गजेंद्रसारखा अर्ज तालुक्यात कोणी लिहीत नाही, त्याच्याकडूनच घ्या, पण माझ्यासाठी आहे हे सांगू नका.”

आता मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नाही. पण ‘तालुक्यात कोणी लिहीत नाही’ हे शब्द कानात गेले आणि माझा पेन आपोआप उघडला. मी माझ्याविरुद्ध असा काही अर्ज लिहिला की वाचून मलाच माझी भीती वाटली. ‘सदर अज्ञात इसम अत्यंत धूर्त व निर्ढावलेला असून त्याने अर्जदाराच्या दिवंगत मातोश्रींच्या नावाचा गैरवापर केला आहे. तरी सदर इसमाचा शोध घेऊन त्याच्यावर कठोरात कठोर कारवाई व्हावी.’ गुरुजींनी तो मोठ्यानं वाचला. काजल दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर गुरुजी म्हणाले, “वा! आरोपीबद्दल काही सुगावा असेल तर तोही जोडू शेवटी.”

काजल माझ्याकडे बघत होती. काल मी फोनवर उकंडराव झालो तेव्हा ती आतल्याच खोलीत होती. माझ्या हातातून पेन खाली पडला.

“गुरुजी,” मी म्हणालो, “आरोपी मीच आहे.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. मग त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि म्हणाले, “उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. हा अर्ज तुम्हीच हातानं द्या.”

रात्रभर मी मनात तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. गुरुवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पंधरा फूट अंतर रस्त्यावरून वळसा घालून गेलो. जनकाबाईंनी दार उघडलं. मी कालच येऊन गेल्यासारख्या म्हणाल्या, “या भाऊ, पानी आनते.” उकंडराव इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस स्टेशनला निघायच्या तयारीत बसले होते. मला पाहून ते उभे राहिले आणि पुन्हा बसले.

मी अर्ज पुढं केला. “उकंडराव, अर्ज आनला. आन त्यातला इसम बी आनला.”

“कुठं हाय?”

“हा काय, मीच.”

त्यांनी अर्ज वाचला, अगदी शेवटपर्यंत. मग मान वर केली.

“माह्या मायचं नाव तू सांगतलं?”

“हाव.”

“जन्मतारीख?”

“दोन्ही सांगतल्या.”

“फुणके तुले आठोतात अजून?”

“कढी पातळ, तेही सांगतलं.”

मला वाटलं आता हसतील. नाही हसले. एकदम ओरडले, “अबे, दोन दिवसांपासून मी जेवलो नाही! कॉलनीतल्या एकएका मानसाच्या तोंडाकडं पाहून राह्यलो का हा असन का तो असन! शिरप्याच्या दुकानात गेलो नाही, का त्याले मायचं नाव मालूम हाय म्हून! आन तू? तुले भित्तीवरून एक हाक मारता येत नवती काय बे?”

“नाही येत नवती,” मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. “तीन दिवस भित्तीपाशी येऊन परत गेलो. तोंड उघडत नवतं, उकंडराव.”

जनकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या होत्या. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, “संध्याकाळी ती फाइल नष्ट होणार आहे. काजलच्या लग्नाची यादी आहे तिच्यात.”

“काजलच्या?” उकंडराव उठले. “मंग बसला काय हाय? जनके, कोठी उघड!”

पुढची गंमत दीड तास चालली. कोठीत हात जाईना म्हणून गहू उपसला. मोबाइल सापडला तर चार्जिंगच्या भोकात गव्हाचा दाणा गच्च बसलेला. सुईनं काढायला गेलो तर तो आणखी आत गेला. उकंडराव म्हणत होते ‘तू हल’, मी म्हणत होतो ‘तुमाले दिसत नाही’, आणि शेवटी जनकाबाईंनी आम्हा दोघांच्या हातातून मोबाइल घेऊन केसातल्या पिनेनं दाणा अलगद बाहेर काढला. मग चार्जिंग. मग मंडळी आमच्या घरी. उकंडराव उंबरठ्याशी क्षणभर थबकले आणि पायातल्या चपला काढून, बावीस वर्षं ठेवायचे तिथंच, तुळशीच्या कुंडीमागं ठेवून आत आले. पुष्पांजलीनं चहा आधीच टाकला होता. साखर विचारली नाही.

ओटीपी मागवला. येईना. पुन्हा मागवला. येईना. ब्लॉक! ब्लॉक कसा केला ते उकंडरावांना आठवेना, काढावा कसा ते मला कळेना. कॉलेजात सुटी टाकून काजल घरीच होती, तिनं ते दोन बोटांत केलं. आणि मग, साडेतीनच्या सुमाराला, माझ्याच खोलीत, माझ्या कानाशी टिंग वाजलं. एवढा मधुर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. उकंडरावांनी आकडे एकेक करून मोठ्यानं सांगितले, मी ते एकेक करून दाबले. नवा पासवर्ड घातला. ‘परत आणा’ दाबलं. ‘ही फाइल धोकादायक आहे, तरीही परत आणायची?’ संगणकानं विचारलं. मी म्हणालो, हो रे बाबा.

फाइल परत आली. पुष्पांजलीनं हात जोडले. काजलनं पुंजाजीला फोन लावला, की पप्पा तासाभरात नावं पाठवतात. मी छाती पुढं काढून म्हणालो, “दाखवतो तुमाले, ‘मान’चं बटण कसं चालते ते,” आणि फाइल उघडली.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही. त्या फाइलमध्ये दुसरं पान होतं. त्या गुरुवारी, पुष्पांजलीशी वाद झाल्यावर, मी रागानं ते तयार केलं होतं, आणि फाइल बंद केली तेव्हा तेच पान उघडं होतं. त्यामुळे उघडली तीही त्याच पानावर. वर ठळक अक्षरात मथळा: ‘न बोलवायचे’. खाली एकच ओळ. अनुक्रमांक एक. उकंडराव.

मी माऊसकडे झेप घेतली, पण बाण भलतीकडेच पळत होता. उकंडरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांनी आपलं नाव वाचलं, गाव वाचलं, नात्याच्या रकान्यात ‘शेजारी (माजी)’ लिहिलं होतं तेही वाचलं. मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली आणि ते सावकाश, शाळेत धडा वाचतात तसं, माझा शेरा मोठ्यानं वाचू लागले.

“सदर इसम स्वतःहून आल्यास... आग्रहानं जेवू घालावे. कढी पातळ ठेवावी.”

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. पुष्पांजलीनं पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला ते मला कळलं नाही.

“म्हंजे तुले मालूम होतं का मी येनार हाय,” उकंडराव म्हणाले.

“हाव.”

“न बोलावता.”

“हाव. थांबा, उकंडराव, मी हे पान काढून टाकतो. तुमाले पहिल्या पानावर घेतो, पार वर घेतो, ‘मान’ दाबला का...”

चौदा महिने धरून ठेवलेलं सगळं त्या बटणापाशी येऊन अडकलं होतं, आणि मी साठ वर्षांचा माणूस पोरीसमोर, बायकोसमोर, गुरुजींसमोर चक्क रडायला लागलो.

उकंडरावांनी माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला.

“राहू दे मले इथंच,” ते म्हणाले. “घरच्याले कोन बोलावते बे?”